उभ्या विमानातलं वाढप

मास्तर विमान कंपनीत होते म्हटलं की लोकांना वाटायचं, विमान चालवत असतील. तसं काही नव्हतं. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी प्रवाशांना खाऊपिऊ घालण्यात घालवली आणि अगदी जीव ओतून घालवली. 'मास्तर' हे नाव सोबत्यांनी ठेवलेलं. ट्रे कुठल्या हातानं द्यायचा, चहा ओतताना कप आपल्या बाजूला कसा घ्यायचा, झोपलेल्या माणसाला उठवायचं की नाही, हे सगळं नव्या पोरापोरींना ते असं शिकवायचे की हातात छडी तेवढी नसायची.

निवृत्त झाले आणि त्यांचं तोंड सुटलं. विमानातल्या जेवणाचा विषय निघायचा अवकाश. आणि नाही निघाला तर ते काढायचेच.

"पूर्वी टेबलावर आधी कापड अंथरायचो आम्ही," जेवणाच्या टेबलाशी बसून त्यांचं सुरू व्हायचं. "पांढरंशुभ्र, इस्त्रीचं. मग चिमट्यानं गरम रुमाल. मग सूप. पुढच्या महागड्या तिकिटांच्या भागात तर भाजलेल्या मटणाचा अख्खा तुकडा ट्रॉलीवर ठेवून प्रवाशासमोर कापून द्यायचो. काटे-चमचे चांगले जड. मिठाची, मिरीची इवली बाटली. चांगल्या चांगल्या घरची माणसं ती बाटली खिशात घालून न्यायची आणि आम्ही न पाहिल्यासारखं करायचो."

"झालं, लागली तबकडी," त्यांची बायको पोळी वाढत म्हणायची. "आता कापडाचा कागद झाला, ते सांगा. म्हणजे आम्ही आवरायला मोकळ्या."

"झालाच की! कापडाचा कागद झाला, चमच्याचं प्लास्टिक झालं, दोन गोडांचं एक झालं, मग तेही गेलं. पुढे ट्रेच गेला. आणि आता? आता पाणीसुद्धा विकत." इथं ते लेकीकडे वळायचे. "तुमचं ते विमान आहे की उडतं दुकान?"

लेक म्हणजे चिऊ. हे घरातलं नाव. बाहेर ती चांगली उंचीपुरी, गणवेशात रुबाबदार दिसणारी बाई होती. बापाच्याच वाटेनं गेली, फक्त स्वस्त तिकिटांच्या कंपनीत. ती ट्रॉली ढकलत सँडविच आणि नूडल्सचे कप विकायची आणि कार्ड घासायचं यंत्र कमरेला लावून हिंडायची. बापाचं 'दुकान' ऐकून ती हसायची. पण मास्तरांच्या बायकोला दिसायचं, की हसून झाल्यावर पोरगी जरा लवकरच ताटावरून उठते. मास्तरांना ते दिसत नव्हतं. प्रवाशाच्या कपाळावरची आठी ज्यांना चार रांगांवरून दिसायची, त्यांना समोर बसलेली मुलगी दिसत नव्हती.

अशात मास्तरांच्या धाकट्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. दुसऱ्या गावी होती ती, आणि भाऊ जवळ हवा म्हणून हटून बसलेली. भाच्यानं तिकीट काढून पाठवलं. ते नेमकं चिऊच्या कंपनीचं निघालं.

"म्हणजे डबा घेऊनच निघायला हवं," मास्तर म्हणाले.

निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी चिऊ फोन हातात धरून खोलीबाहेर आली. चेहरा पार उतरलेला.

"बाबा, उद्या तुमच्या विमानावर माझी ड्यूटी लागलीय. दुसरी एक मुलगी आजारी पडली म्हणून ऐनवेळी बदललं."

"अरे वा! मग आपण बरोबरच..."

"आणि माझी तपासणीही त्याच विमानावर आहे."

तपासणी म्हणजे काय हे मास्तरांना सांगायची गरज नव्हती. वरिष्ठ बाई विमानात बसून सगळं काम डोळ्यांत तेल घालून पाहणार, आणि त्यांना पटलं तर चिऊ केबिनची प्रमुख होणार. ही तपासणी आधी दोनदा पुढे ढकलली गेली होती. एकदा संप आडवा आला, एकदा तपासणाऱ्या बाईच रजेवर गेल्या. चिऊच्या मागून आलेल्या दोघीजणी प्रमुख होऊनही गेल्या होत्या.

"आमच्याकडे नियम आहे," चिऊ म्हणाली, "तपासणीच्या वेळी घरचं माणूस विमानात असेल तर आधी कळवायचं. कळवलं की तपासणी रद्द. पुन्हा सहा महिने थांबायचं."

"मग नको ना कळवूस," मास्तर म्हणाले. "तिकीट भाच्यानं काढलंय. कुणाला काय कळणार? मी तुला ओळखत नाही आणि तू मला ओळखत नाहीस. गप्प जागेवर बसेन."

"तुम्ही?" त्यांची बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "विमानात? गप्प?"

"अगं, एवढी वर्षं लोकांना गप्प बसवलं मी."

"म्हणूनच म्हणतेय."

चिऊनं फोन पालथा ठेवला. "बाबा, एकच करा. उठू नका. काही म्हणजे काही झालं तरी जागेवरून उठू नका."

मास्तरांनी गळ्याला हात लावून शपथ घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गडबडीत डबा घरीच विसरून ते विमानाच्या दाराशी पोचले, तेव्हा चिऊ हात जोडून उभी होती. "नमस्कार सर, आपलं स्वागत आहे." मास्तरांनी मान हलवली आणि पुढे सरकले. मनात मात्र त्यांनी तिला तेवढ्यात तपासून घेतलं होतं. केस घट्ट, बूट स्वच्छ, नजर प्रवाशाच्या डोळ्यांत. छान, ते स्वतःशी म्हणाले. पहिल्याच रांगेत राखाडी कोट घातलेल्या एक बाई चष्म्यावरून सगळीकडे बघत होत्या. त्याच तपासनीस बाई, हे कुणी सांगायला नको होतं.

मास्तरांची जागा मधल्या वाटेला लागून होती. शेजारी एक जाडजूड गृहस्थ मांडीवर भलामोठा पुठ्ठ्याचा खोका घेऊन अवघडून बसले होते. खोक्यातून ताज्या पावाचा वास येत होता.

"बेकरी आहे आपली," गृहस्थ म्हणाले. "मेहुणीकडे चाललोय. रिकाम्या हातानं कसं जायचं? पहिल्यांदाच बसतोय बघा विमानात. हा पट्टा कुठून कुठे घालायचा?"

मास्तरांनी पट्टा लावून दिला. चिऊ आली, बेकरीवाल्यांशी गोड बोलून तो खोका वरच्या कप्प्यात ठेवून गेली, आणि बापाकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. मास्तरांना आनंद झाला आणि जरा वाईटही वाटलं.

विमान उडालं. मास्तर डोळे मिटून शहाण्यासारखे बसले होते. तेवढ्यात टिंग-टिंग अशी दुहेरी घंटी वाजली. प्रवाशांच्या लेखी तो आवाज म्हणजे काहीच नाही. ती घंटी आतल्या माणसांसाठी असते. विमान पुरेसं वर आलं, आता उठा आणि कामाला लागा, एवढाच तिचा अर्थ. मास्तरांच्या डोक्याला काही कळायच्या आत त्यांच्या हातांनी पट्टा सोडला, पायांनी त्यांना उभं केलं, आणि ते बाह्या सारत तरातरा ट्रॉल्या ठेवतात त्या मागच्या पडद्याकडे चालूही लागले.

पडद्यापाशी चिऊ आडवी आली. "सर, पट्ट्याचा दिवा अजून चालू आहे. कृपया जागेवर बसा."

"अगं, ते गरम पाण्याचं बटण..." मास्तर म्हणाले आणि त्यांना एकदम आपण कोण आहोत ते आठवलं. सगळं विमान बघत होतं. पहिल्या रांगेतल्या राखाडी कोटानंही मान वळवली होती.

"सर," चिऊचा आवाज चढला नाही, पण त्यात वाकायला जागाही नव्हती. "तुमच्या सुरक्षिततेसाठी सांगतेय. मी तुम्हाला जागेपर्यंत सोडते."

आणि तिनं त्यांना कोपराला अलगद धरून जागेवर आणून बसवलं. मास्तरांचे कान लालेलाल झाले. पण असं बोलायला, असं कोपर धरायला त्यांनी कितीजणांना घसा फोडून शिकवलं होतं; इतकं नीट कुणालाच जमलं नव्हतं. पोरीनं आपली लाज राखली की काढली, हे त्यांना ठरवता येईना.

"प्रसाधनगृह तिकडे आहे का हो?" बेकरीवाल्यांनी सहानुभूतीनं विचारलं.

"हो," मास्तर म्हणाले. "तिकडेच आहे."

मग ट्रॉली आली. सँडविच, बिस्किटं, नूडल्सचे कप. चिऊ एकेकाला विचारत, कार्ड घासत पुढे जात होती. मास्तरांना राहवेना. त्यांनी बेकरीवाल्यांपाशी आपली तबकडी लावली. कापड, सूप, चिमटे, जड चमचे, सगळं. उडायच्या आधी कान दुखू नयेत म्हणून गोळ्यांचं तबक कसं फिरवायचो, लहान मुलांना रंगाच्या पेट्या कशा द्यायचो, लिंबाची चकती किती पातळ कापायचो.

बेकरीवाले तोंड उघडं ठेवून ऐकत राहिले. "मजा होती म्हणायची," ते शेवटी म्हणाले. "पण तेव्हा हो माझ्यासारखा माणूस कशाला चढतोय विमानात? तेव्हा आम्ही गच्चीवर उभं राहून खालून हात हलवायचो. ते सूप-बिप गेलं म्हणून तर आमचा नंबर लागला."

हे ते अगदी साधेपणानं बोलले. मास्तरांना आपली आई आठवली. ती विमानात कधी बसलीच नाही. नोकरीत घरच्यांसाठी पास मिळायला काही वर्षं जावी लागायची, आणि तेवढी तिला मिळाली नाहीत. प्रत्येक खेपेनंतर मास्तर तिला साखरेच्या पुड्या आणून द्यायचे, आणि ती त्या डब्यात न ओतता तशाच कपाटात मांडून ठेवायची. आजचं हे उडतं दुकान तेव्हा असतं, तर पहिल्याच पगारात तिला खिडकीशी बसवलं असतं. एवढी वर्षं तक्रार करताना ही गोष्ट आपल्या मनात कशी आली नाही, याचं त्यांना नवल वाटलं. त्यांनी चिऊला हाक मारून, म्हणजे 'मॅडम' म्हणून, एक बिस्किटांचा पुडा विकत घेतला.

उतरायची वेळ झाली आणि वैमानिकाचा आवाज आला. पुढे धुकं आहे, उतरता येत नाही, जवळच्या दुसऱ्या विमानतळावर थांबतो. विमान तिथं उतरलं आणि पार एका टोकाला जाऊन उभं राहिलं. आधी वाटलं, आत्ता निघू. मग वाटलं, थोड्या वेळानं निघू. सकाळ सरली, दुपार तापली, आणि विमान तिथंच. तिथं या कंपनीचं काहीच नव्हतं, जेवण पाठवणारंही कुणी नव्हतं. बाहेर शिडी लागेना, दार उघडेना.

ट्रॉली केव्हाच रिकामी झाली होती. चिऊनं आणि तिच्या सोबतिणींनी आपल्यासाठी आणलेलं जेवण एका मधुमेहाच्या आजींना आणि दोन लहान मुलांना देऊन टाकलं. पाणी मात्र तिनं सगळ्यांना फुकट वाटलं आणि प्रत्येकापाशी थांबून, आपल्याला जेवढं कळलंय तेवढं खरं सांगितलं. तरी माणसं कावली होती. मागच्या रांगेत एक बाळ रडून रडून थकलं होतं. कुणीतरी ओरडून विचारलं, "पैसे घेताना बरे दिसता, आता खायला द्या की!" चिऊनं तेही ऐकून घेतलं. मास्तर जागेवर मुठी आवळून बसले होते. उठायचं नाही, उठायचं नाही, असं ते स्वतःला बजावत होते.

बेकरीवाल्यांना बाळाचं ते रडणं ऐकवेना. त्यांनी उठून आपला खोका खाली काढला. "बाई, हे घ्या. यात पाव आहेत, एक केकही आहे. द्या वाटून सगळ्यांना. मेहुणीला मी सांगेन काहीतरी."

चिऊच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी राहिलं. पण ती म्हणाली, "काका, फार उपकार. पण बाहेरून आलेलं खाणं आम्हाला आमच्या हातानं वाटता येत नाही. कुणाला काही बाधलं तर? कडक नियम आहे तो."

"अहो पण पोरं उपाशी..."

राखाडी कोट पहिल्या रांगेतून उठून वाटेत येऊन उभा राहिला होता. आता पोरगी काय करते, हे मास्तरांनाही कळेना. नियम मोडला तर तपासणी गेली. नाही मोडला तर बाळ तसंच रडणार. आपण असतो तर काय केलं असतं? आपल्याकडे तेव्हा चार कपाटं भरून खाणं असायचं; असला प्रश्न आपल्यापुढे कधी आलाच नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं.

चिऊनं खोक्याकडे पाहिलं, वाटेकडे पाहिलं, आणि मग ती मास्तरांकडे वळली.

"सर," ती म्हणाली, "पट्ट्याचा दिवा आता बंद आहे. प्रवाशांनी एकमेकांना काही दिलं तर तो त्यांचा आपसातला प्रश्न. तुम्हाला मघाशी उभं राहायचं होतं. आता राहू शकता."

मास्तरांनी बाह्या सारल्या. मग उठले.

ते आधी हात धुऊन आले. खिशातला स्वच्छ रुमाल त्यांनी कमरेला खोचला. बेकरीवाल्यांना विचारलं, "पावात काय काय आहे? दूध? अंडं? केकमध्ये शेंगदाणे-बदाम काही?" सगळं नीट ऐकून घेतलं. मग मोठ्यानं, पण गडबड न करता म्हणाले, "मंडळी, शेजाऱ्यांनी पाव दिलेत. आणखी कुणाकडे घरचं काही असेल, आणि द्यायची इच्छा असेल, तर माझ्याकडे द्या. कशात काय आहे तेवढं सांगा."

आधी कुणी हललं नाही. मग एका कॉलेजच्या मुलीनं केळी काढली. एका बाईनं उकडलेली अंडी दिली, कुणी भाजलेले दाणे दिले, कुणी बिस्किटं. मघाशी ओरडणाऱ्या माणसाकडून चक्क सफरचंदांची पिशवी निघाली. तो खाली मान घालून म्हणाला, "माझ्याकडे होती. लक्षात नाही आलं." मास्तर त्याला म्हणाले, "होतं असं," आणि पुढे गेले. दाणे त्यांनी वेगळे ठेवले, आणि ज्याला चालत नसतील त्याच्या जवळपासही नेले नाहीत.

खोक्याचं झाकण हाच ट्रे झाला. मास्तरांनी तो डाव्या हातावर घेतला आणि वाढायला सुरुवात केली ती अगदी शेवटच्या रांगेपासून. त्यांच्या काळात शेवटच्या रांगेला नेहमी उरलंसुरलं मिळायचं. 'तो पदार्थ संपला' हे वाक्य त्यांनी तिथंच सगळ्यांत जास्त वेळा म्हटलं होतं. आज त्यांनी पहिला पाव त्या थकलेल्या बाळाच्या आईच्या हातात दिला.

आणि प्रत्येकाला विचारलं. "आपण काय घेणार? केळं की सफरचंद?" अर्ध्या केळ्यासाठी कुणी इतकं अदबीनं विचारलेलं त्या माणसांनी ऐकलं नव्हतं. एक आजोबा गोंधळून म्हणाले, "आज काय चांगलं आहे?" "अंडं उत्तम आहे," मास्तर गंभीरपणे म्हणाले, "पण अर्धंच मिळेल. उरलेलं अर्धं आपल्या शेजारी जातंय." आजोबा खो खो हसले. ते हसू रांगेरांगेनं पुढे सरकत गेलं. मघाशी एकमेकांकडे पाठ करून बसलेली माणसं आता अंड्याचं मीठ एकमेकांना देत होती. बेकरीवाले तर आपलंच लग्नकार्य असल्यासारखे मागे मागे फिरून विचारत होते, "पाव कसा झालाय?"

मास्तरांचे गुडघे दुखत होते, पण त्यांना ते जाणवत नव्हतं. त्यांच्या मनात नुसती कृतज्ञता दाटून आली होती. या बेकरीवाल्याबद्दल, या केळीवालीबद्दल, पुन्हा एकदा हातावर आलेल्या या ट्रेबद्दल. आणि सगळ्यांत जास्त त्या पोरीबद्दल, जिनं नियमाला धक्का न लावता विमानभर माणसांना जेवू घातलं. सूप नाही, कापड नाही, हातात काहीच नाही, आणि तरी घातलं. आपल्याला हे सुचलं नसतं, असं त्यांनी मनोमन कबूल केलं.

पहिल्या रांगेत आले तेव्हा झाकणावर पावाचा एकच तुकडा उरला होता. राखाडी कोटातल्या बाईंनी तो घेतला, "धन्यवाद" म्हणाल्या, आणि चष्म्यावरून त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

धुकं निवळलं, विमान उडालं, आणि उन्हं उतरताना मुक्कामी पोचलं. उतरताना माणसं चिऊचा हात हातात घेऊन निघत होती. बेकरीवाल्यांनी तिला मेहुणीचा पत्ताच सांगून टाकला. मास्तर मुद्दाम मागे रेंगाळले. एकदा तरी तिच्याकडे नीट बघून घ्यावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. दाराशी पोचले तर चिऊशेजारी तपासनीस बाई उभ्या.

"एक मिनिट," बाई म्हणाल्या. "तुमची वाढायची पद्धत शिकलेल्या माणसाची आहे. तुम्ही या मुलीला ओळखता?"

मास्तरांनी आयुष्यभर चेहऱ्यावर ठेवलेलं हसू कामाला आणलं. "मी? छे हो! आजच पाहतोय त्यांना. मी आपला साधा प्रवासी."

ही थाप त्यांनी इतकी झकास मारली, की दुसरं कुणीही फसलं असतं. त्यांना तशी सवय होती. सासरच्या मंडळींत, लग्नाकार्यांत त्यांची ओळख कायम 'विमान कंपनीत अधिकारी' अशीच करून दिली जायची. काय काम करतात, हे कुणी उघड सांगायचं नाही, आणि तेही मान डोलवून सोडून द्यायचे.

"बाबा, पुरे," चिऊ म्हणाली.

मास्तरांनी डोळे वटारले. ती थांबली नाही.

"मॅडम, हे माझे वडील आहेत. विमानात प्रवाशांना वाढायचं काम करायचे, मी करते तेच. मला कालच ठाऊक होतं की ते या विमानात आहेत. तपासणी पुढे जाईल म्हणून मी कळवलं नाही. चूक माझी आहे."

बाईंनी हातातली वही मिटली. "हे मला कळवावं लागेल," त्या म्हणाल्या. "आजची तपासणी धरता येणार नाही."

"हो, मॅडम."

"सहा महिन्यांनी पुन्हा. मीच घेईन." बाईंनी पर्स उचलली. जाताना त्या मास्तरांकडे वळल्या. "पाव छान होता," एवढं म्हणाल्या आणि शिडी उतरून गेल्या.

मास्तरांचा जीव तीळतीळ तुटला. "काय केलंस हे चिऊ? हातातोंडाशी आलेला घास होता! कोण विचारत होतं तुला? मी सांगितलं होतं ना तिला, मी ओळखत नाही म्हणून!"

"तेच ऐकवेना मला," चिऊ म्हणाली. "तुम्ही रांगेरांगेत वाढत होतात, लोक तुमच्याकडे बघत होते, आणि मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, की हे माझे बाबा आहेत. दिवसभर तोंड दाबून धरलं. शेवटी तुम्हीच म्हणालात, ओळखत नाही. मग नाही राहवलं. तपासणी काय, पुन्हा देईन."

मास्तरांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तिच्या केसांचा घट्ट अंबाडा विस्कटेल म्हणून घाईनं काढूनही घेतला. "फार चांगलं काम करतेस तू," ते कसंबसं म्हणाले. "माझ्यापेक्षा चांगलं." मग त्यांनी आपली पिशवी उचलली, कारण साफसफाईची माणसं शिडीवर येऊन थांबली होती.

बाहेर भाचा ताटकळत उभा होता. त्यानं पिशवी घेतली, वाकून नमस्कार केला आणि गाडीकडे चालता चालता मामाचा आवडता विषय काढला. "केवढा उशीर! आणि हल्ली विमानात काही देतही नाहीत, नाही का हो मामा?"

एरवी या प्रश्नावर मास्तर गाडीत बसेपर्यंत कापडावरून सूपावर आले असते. आज त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

"देतात रे," ते म्हणाले. "खूप देतात." आणि भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, ते रुमाल काढून रडायला लागले.

भाचा घाबरला. मामा सकाळपासून उपाशी असणार असं त्याला वाटलं, आणि त्यानं गाडी आधी समोरच्या उपाहारगृहाकडे वळवली.